गालील सरोवराच्या काठावरील पवित्र स्थळे

पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेल्या भाविकाच्या मनात जेरुसलेम आणि बेथलेहेम ही दोन नावे आधीपासूनच असतात. गालीलचे सरोवर मात्र बहुतेक यात्रांच्या कार्यक्रमात दीड-दोन दिवसांत उरकले जाते. वस्तुतः प्रभू येशूच्या सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भाग याच पाण्याच्या काठी गेला. पहिल्या शिष्यांना पाचारण, पक्षाघाती माणसाला आरोग्यदान, वादळ शांत करणे, पाच भाकरी व दोन मासे, जीवनाच्या भाकरीविषयीचे प्रवचन, आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर कोळशांच्या विस्तवावर शिजलेली न्याहारी, या साऱ्या घटना शुभवर्तमानांनी या सरोवराच्या आसपास नोंदविल्या आहेत.

या प्रदेशात फिरताना तीन वेगवेगळे आवाज यात्रेकरूच्या कानी पडतात. जमिनीखालून निघालेले दगड एक सांगतात, शतकानुशतके चालत आलेली परंपरा एक सांगते आणि आपली श्रद्धा एक सांगते. कधी हे तिन्ही आवाज एकमेकांना दुजोरा देतात, कधी वेगळे बोलतात. बसमधील मार्गदर्शक घाईघाईत तिघांची सरमिसळ करून टाकतो आणि पाचव्या शतकातील भिंतीला हात लावून भाविक प्रभूच्या काळाला स्पर्श केल्याचे समाधान घेऊन परततो. कोणत्या ठिकाणी कोणता आवाज बोलत आहे हे आधी ठाऊक असेल, तर तेथे काय पाहावे आणि कोठे गुडघे टेकावेत हेही कळते. म्हणून ही माहिती.

सरोवर

उत्तरेकडून यार्देन नदी या सरोवरात उतरते व दक्षिण टोकाकडून बाहेर पडते. सरोवराची लांबी सुमारे २१ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी सुमारे १३ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १६६ चौरस किलोमीटर आहे. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली आहे. गोड्या पाण्याचे इतके खोलगट सरोवर पृथ्वीवर दुसरे नाही. जुन्या करारात त्याला किन्नेरेथ म्हटले आहे. संत योहान गालीलाचा व तिबिर्याचा समुद्र म्हणतो. मत्तय व मार्क समुद्र म्हणतात, कारण हिब्रू भाषेत समुद्राला आणि मोठ्या सरोवराला एकच शब्द आहे. संत लूक मात्र कटाक्षाने सरोवर असाच शब्द वापरतो. भूमध्य समुद्रावरील प्रवासाचे वर्णन करणाऱ्या या लेखकाला खरा समुद्र काय असतो हे चांगले माहीत होते.

एवढ्याशा पाण्यात नाव बुडण्याची वेळ कशी यावी, असा प्रश्न शांत सकाळी येथे उभे राहिल्यावर मनात येतो. याचे उत्तर भोवतालच्या डोंगरांत आहे. खोलगट खोऱ्यातील हवा तापते. उन्हाळ्यात दुपारनंतर भूमध्य समुद्राकडून येणारा वारा पश्चिमेच्या उंचवट्यावरून एकदम खाली उतरतो. हिवाळ्यात पूर्वेकडून, गोलानच्या पठारावरून ‘शार्किया’ नावाचा वारा सुटतो, आणि स्थानिक मच्छीमार भितात ते मुख्यतः त्याला. काही मिनिटांत पाण्याचे रूप पालटते. शिष्यांतील निम्मे तरी या पाण्यावर वाढलेले होते. तेही घाबरले, यावरून ते वादळ किती मोठे असेल याची कल्पना यावी.

मासेमारीच्या बाबतीत उत्तन, अर्नाळा, पाचूबंदर येथील आपल्या कोळी बांधवांना शुभवर्तमान आपल्यापेक्षा लवकर समजेल असे वाटते. सीमोन व आंद्रेया पाण्यात टाकत होते (मत्त. ४:१८) त्या जाळ्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे तो हाताने फेकायच्या गोल जाळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या पागाचा. स्वर्गराज्याच्या दाखल्यातील जाळे (मत्त. १३:४७) निराळे आहे. ते किनाऱ्यावर ओढून आणायचे लांबलचक जाळे, म्हणजे आपली रापण. रापणीत जे सापडेल ते सारे येते, निवड नंतर किनाऱ्यावर बसून करावी लागते आणि दाखल्याचा सगळा अर्थ या निवडीवर उभा आहे. मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘जाळे’ एवढेच आल्यामुळे हा भेद वाचकाला दिसत नाही. एन गेव या पूर्व काठावरील वसाहतीतील मेंडेल नून या मच्छीमार-संशोधकाने हा विषय आयुष्यभर अभ्यासला. रात्रभर कष्ट करून पहाटे जाळी धूत बसलेल्या पेत्राचा प्रसंग (लूक ५) त्याच्या मते तीन पदरी जाळ्याचा आहे. ही जाळी रात्रीच लावावी लागत, कारण दिवसा माशांना दोरे दिसतात. दिवसाढवळ्या पुन्हा जाळे टाकण्याची प्रभूची आज्ञा जाणत्या कोळ्याला किती विपरीत वाटली असेल ते यावरून लक्षात येते.

काठावरच्या उपाहारगृहांतून ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून तळलेला तिलापिया वाढतात. त्याचे स्थानिक नाव मुश्त. तो जरूर खावा. पण मंदिराच्या करासाठी ज्याच्या तोंडात नाणे सापडले (मत्त. १७:२७) तो मासा हा नसावा, कारण तो गळाने धरला होता आणि मुश्त प्रामुख्याने पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो, गळाला सहसा लागत नाही. तो मिशावाल्या, मासे खाणाऱ्या जातीचा असावा असे नून यांचे म्हणणे होते.

कफर्णहूम

एकच स्थळ नीट पाहण्याइतका वेळ असेल, तर कफर्णहूम पाहावे. नासरेथ सोडल्यावर प्रभू येथे येऊन राहिला (मत्त. ४:१३) आणि मत्तय या गावाला त्याचे स्वतःचे गाव म्हणतो. हेरोद अंतिपासच्या राज्याची सीमा येथून जवळच होती. म्हणून येथे जकातनाके होते, आणि तेथेच मत्तय बसलेला असे. सम्राट हेड्रियनच्या नावाचा, म्हणजे दुसऱ्या शतकातील, रोमन मैलाचा दगड उत्खननात मिळाला आहे. गाव हमरस्त्यावर होते याचा तो पुरावा.

कालांतराने गाव ओस पडले. १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने या अवशेषांची जागा विकत घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे उत्खनने झाली. त्यांत फादर व्हर्जिलिओ कॉर्बो व फादर स्टानिस्लाओ लोफ्रेडा या दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १९६८ पासून केलेले काम सर्वांत महत्त्वाचे ठरले.

प्रवेश केल्यावर डोळ्यांत भरते ते पांढऱ्या चुनखडीचे, खांबांनी सजलेले सभास्थान. अनेक भाविक येथेच थांबतात व जीवनाच्या भाकरीविषयीचे प्रवचन (योहान ६) याच दगडांनी ऐकले अशा समजुतीने छायाचित्रे काढतात. तसे नाही. फरशीखाली सापडलेल्या नाण्यांवरून ही इमारत चौथ्या-पाचव्या शतकातील, किंबहुना त्याहूनही अलीकडची ठरते. मात्र भिंतीच्या तळाशी नजर टाकावी. पांढऱ्या दगडाखाली काळ्या पाषाणाचा जुना पाया दिसतो. आपल्या सह्याद्रीच्या खडकासारखाच हा बसाल्ट, आणि या भागातील जुनी घरे त्याचीच बांधलेली आहेत. या पायाचा काही भाग पहिल्या शतकातील सभास्थानाचा असावा असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. ते सर्व अभ्यासकांना मान्य नसले तरी सभास्थाने पुन्हा त्याच जागी बांधण्याची रीत पाहता ते अवाजवी म्हणता येणार नाही. शताधिपतीने गावकऱ्यांना सभास्थान बांधून दिल्याचा उल्लेख लूक करतो (७:५). ते असेलच तर पायाशी आहे, वर नाही.

सभास्थानापासून सरोवराच्या दिशेने थोड्याच अंतरावर एक आधुनिक अष्टकोनी चर्च जमिनीपासून वर उचलून धरल्यासारखे उभे आहे. १९९० साली २९ जूनला, संत पेत्र व संत पॉल यांच्या सणाच्या दिवशी, त्याचे समर्पण झाले. आत गेल्यावर मधोमध काचेची फरशी लागते व तिच्यातून खाली एक खोली दिसते. ही खोली म्हणजे सीमोन पेत्राचे घर, अशी परंपरा आहे.

येथे दगड आणि परंपरा एकमेकांच्या किती जवळ येतात ते पाहण्यासारखे आहे. खाली दिसते ती अंगणाभोवती खोल्या असलेल्या साध्या घराची जागा आहे. ओबडधोबड दगडांच्या त्या भिंतींना दगडी छत पेलणे शक्य नव्हते. छप्पर लाकडी फांद्यांचे व मातीचे असणार. पक्षाघाती माणसाच्या चार मित्रांनी छप्पर उकरून त्याला खाली सोडले (मार्क २), ते अशाच घरात शक्य होते. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून यांतील एका खोलीचे वर्तन बदलते. तिच्या भिंतींना व जमिनीला गिलावा होतो, तोही पुनःपुन्हा. गावातील इतर घरांना असा गिलावा आढळत नाही. घरगुती स्वयंपाकाची भांडी नाहीशी होतात, दिवे मिळू लागतात. पुढील शतकांत गिलाव्यावर ग्रीक, सिरियाक इत्यादी भाषांत यात्रेकरूंनी प्रार्थना व क्रूसाच्या खुणा कोरल्या. काही अक्षरांत पेत्राचे नाव वाचले गेले आहे. ते वाचन वादग्रस्त आहे आणि त्यावर भिस्त ठेवण्याचे कारणही नाही. चौथ्या शतकात खोलीचा विस्तार होऊन ते उपासनेचे घर बनले. पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च उभे राहिले आणि त्याच्या भिंती आजही दिसतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस यात्रेला आलेल्या एगेरिया या स्त्रीचे वर्णन बाराव्या शतकातील एका संकलनातून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. प्रेषितांच्या प्रमुखाच्या घराचे चर्च झाले आहे व मूळ भिंती अजून उभ्या आहेत, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे पुरावा असा आहे की, त्या घटना पाहिलेली पिढी जिवंत असताना किंवा नुकतीच मागे पडत असताना गावातील एका सामान्य घराला कोणी तरी वेगळे महत्त्व देऊ लागले, आणि ते महत्त्व पुढे खंडित झाले नाही. घरावर पेत्राच्या नावाची पाटी नाही. तरीही ख्रिस्ती जगतात इतक्या जुन्या काळापर्यंत माग काढता येणारी घरे क्वचितच सापडतील. या खोलीसमोर सभास्थानापेक्षा अधिक वेळ घालवावा.

तबघा

कफर्णहूमच्या पश्चिमेला, किनाऱ्याने पायी जाता येईल एवढ्या अंतरावर तबघा आहे. ग्रीक ‘हेप्टापेगोन’, म्हणजे सात झरे, या नावाचे अरबी मुखातून तबघा झाले. येथे कोमट पाण्याचे झरे सरोवराला मिळतात, त्यामुळे हिवाळ्यात मासे या बाजूस येतात व मच्छीमारही येतात.

भाकरी व मासे यांच्या चमत्काराचे चर्च जर्मन बेनेडिक्टाइन धर्मबंधूंच्या ताब्यात आहे. चौथ्या शतकातील छोट्या प्रार्थनामंदिराच्या जागी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे चर्च झाले. पुढे ते नष्ट झाले आणि जमिनीखाली गेले. १९३२ च्या उत्खननात त्याची मोझेकची फरशी जवळजवळ शाबूत निघाली, आणि सध्याचे चर्च, ज्याचे समर्पण १९८२ मध्ये झाले, जुन्याच आराखड्यावर त्या फरशीभोवती बांधलेले आहे. फरशीवर बगळे, बदके, कमळे, शिवाय नाईल नदीची पातळी मोजण्याचा मनोराही आहे. कारागिरांना इजिप्तची शैली अवगत होती हे उघड आहे. वेदीसमोर ते जगप्रसिद्ध चित्र आहे, दोन मासे आणि मध्ये भाकरींची टोपली. टोपलीत भाकरी चारच दिसतात. पाचवी वेदीवर आहे, असे स्पष्टीकरण प्रत्येक गटाला ऐकवले जाते. प्रवचनासाठी ते सुंदर आहे, आणि आम्हीही ते वापरू. पण कारागिराच्या मनात तेच होते असा पुरावा नाही.

चमत्कार नेमका येथेच झाला का? लूक तो बेथसैदाजवळ झाल्याचे सांगतो (९:१०) आणि बेथसैदा सरोवराच्या ईशान्य टोकाला आहे. प्राचीन यात्रेकरू पश्चिमेकडून येत. झरे, सावली व किनारा असलेल्या तबघाला त्यांनी जवळच्या अनेक प्रसंगांचे स्मरण एकत्र केले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. एकाच किलोमीटरच्या परिघात भाकरींचे चर्च, पेत्राच्या प्रमुखत्वाचे चर्च आणि धन्यवचनांचा डोंगर आहे, याचेही स्पष्टीकरण हेच दिसते. येथे मुख्यतः परंपरा बोलते. मात्र ती परंपरा सोळाशे वर्षांची आहे व तेवढ्या पिढ्यांनी येथे प्रार्थना केली आहे.

२०१५ च्या १८ जूनला पहाटे या चर्चला आग लावण्यात आली आणि भिंतीवर मूर्तिपूजेचा निषेध करणारी हिब्रू वाक्ये रंगवली गेली. प्रवेशाकडील भागाची मोठी हानी झाली, मोझेक मात्र वाचले. एका ज्यू अतिरेक्याला न्यायालयाने २०१७ मध्ये दोषी ठरविले. दुरुस्तीनंतर त्याच वर्षी फेब्रुवारीत चर्चचा तो भाग पुन्हा खुला झाला. इस्राएलचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष त्या वेळी उपस्थित होते, आणि अनेक ज्यू नागरिकांनी या कृत्याचा जाहीर निषेध केला होता. या प्रदेशातील ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहेत. आपल्यासारख्या यात्रेकरूंनी येथील मिस्सेला उपस्थित राहण्याने त्यांना किती धीर येतो, याची जाणीव ठेवून जावे.

काही पावलांवर पाण्याला लागून पेत्राच्या प्रमुखत्वाचे काळ्या पाषाणाचे छोटे चर्च आहे. फ्रान्सिस्कनांनी ते १९३३ मध्ये बांधले. आतील उघड्या खडकाला ‘ख्रिस्ताचे मेज’ म्हणतात. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना दिलेली न्याहारी आणि पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न (योहान २१) यांचे हे स्मरणस्थळ. ५ जानेवारी १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी येथे गुडघे टेकून प्रार्थना केली. पदावर असताना पवित्र भूमीस भेट देणारे ते पहिले पोप, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आलेले पोपही तेच. आपल्या ज्येष्ठ धर्मग्रामस्थांपैकी अनेकांना ती भेट स्मरत असेल. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉलही येथे येऊन गेले.

या चर्चमध्ये फार पाहण्यासारखे काही नाही. दारातून बाहेर पडून खाली पाण्यापर्यंत जावे व गोट्यांवर बसावे.

धन्यवचनांचा डोंगर

तबघाच्या वरच्या टेकडीवर अंतोनिओ बार्लुत्सी या इटालियन वास्तुरचनाकाराचे अष्टकोनी चर्च आहे. १९३८ मध्ये ते पूर्ण झाले. आठ बाजू आठ धन्यवचनांसाठी. फ्रान्सिस्कन धर्मभगिनी येथे यात्रेकरूंच्या निवासाची व्यवस्था पाहतात. प्राचीन स्मरणस्थळ खाली, तबघाच्या जवळच होते आणि त्या लहान प्रार्थनामंदिराचे अवशेष रस्त्याच्या कडेला आहेत. जवळच्याच खोराजीनच्या उतारावर २४ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तरुणांसाठी मिस्सा अर्पण केली. तिला सुमारे एक लाख लोक होते. चर्चभोवतालच्या बागेतून सरोवराचा जवळजवळ सर्व विस्तार दृष्टीस पडतो.

मग्दाला आणि ती होडी

गेल्या पंचवीस वर्षांत या काठावर सर्वांत अनपेक्षित शोध लागला तो मग्दाला येथे. एका धर्मसंघाच्या यात्रीनिवासासाठी पाया खणण्यापूर्वी नियमाप्रमाणे २००९ मध्ये उत्खनन झाले, आणि पहिल्या शतकातील सभास्थान बाहेर आले. भिंतींवर रंग होते, फरशीवर मोझेक होते आणि इ.स. २९ मध्ये तिबिर्यात पाडलेले एक नाणे होते. मध्यभागी एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर सात शाखांची समई आहे. जेरुसलेमचे मंदिर अजून उभे असतानाच्या काळात कोरलेली ही समई असल्याने तिचे मोल फार आहे. (स्थळावर प्रतिकृती ठेवली आहे.) २०२१ मध्ये याच गावात त्या काळातील दुसरे सभास्थान सापडल्याचे जाहीर झाले.

गालीलभर सभास्थानांतून प्रभू शिकवीत असे, असे मत्तय सांगतो (४:२३). मग्दाला त्याच वाटेवर आहे. प्रभू येथे उभा राहिला असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु कफर्णहूमच्या पांढऱ्या खांबांपाशी जी खात्री मिळत नाही, ती निदान कालखंडाची खात्री येथे मिळते. या भिंती त्याच्या काळच्याच आहेत.

गाव खारवलेल्या माशांसाठी प्रसिद्ध होते. तारिखेआ या त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ मासे खारवण्याशी जोडलेला आहे. मग्दाला येथील मरिया येथली. तिला पतित स्त्री ठरविण्याची प्रथा पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत पोप महान ग्रेगरी यांच्या इ.स. ५९१ च्या प्रवचनापासून रुजली. शुभवर्तमानांत मात्र तसे कोठेही म्हटलेले नाही. सात दुरात्म्यांपासून मुक्त झालेली, क्रूसाजवळ उभी राहिलेली व पुनरुत्थानाची पहिली वार्ता घेऊन गेलेली ती शिष्या होती. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २२ जुलैचे तिचे स्मरण प्रेषितांच्या सणांच्या दर्जाला आणले गेले. मग्दाला येथील नव्या चर्चमध्ये होडीच्या आकाराची वेदी आहे, आणि प्रवेशालगतच्या खांबांवर शुभवर्तमानातील स्त्रियांची नावे कोरलेली आहेत.

उत्तरेस गिनोसार येथे एक खरी होडी आहे. १९८६ च्या जानेवारीत, दुष्काळाने पाणी खूप मागे हटले असताना, तेथील दोन मच्छीमार भावांना चिखलात तिच्या कडा दिसल्या. ओलावा गेला असता तर लाकूड भुगा झाले असते. सुमारे अकरा दिवसांत ती खणून काढली, फोमच्या आवरणात गुंडाळून पाण्यावर तरंगवत नेली व कित्येक वर्षे मेणासारख्या रसायनाच्या हौदात ठेवली. लांबी ८ मीटरहून थोडी अधिक, रुंदी २.३ मीटर. बारा प्रकारची लाकडे तिच्यात आढळली. मालक गरीब असावा. मिळेल त्या फळकुटाने, जुन्या होड्यांच्या तुकड्यांनी तो तिला डागडुजी करीत राहिला. काळ इ.स.पूर्व पहिले ते इ.स. पहिले शतक. दुकानांतून तिला ‘येशूची होडी’ म्हणून विकतात. तसा काहीही पुरावा नाही. पण प्रभू ज्या होडीत उशीवर डोके ठेवून निजला ती सुमारे एवढीच व अशीच असणार, हे पाहून मार्कचा चौथा अध्याय पुन्हा वाचावासा वाटतो.

बेथसैदा, खोराजीन व पूर्वेचा काठ

पेत्र, आंद्रेया व फिलिप यांचे गाव बेथसैदा (योहान १:४४) नेमके कोठे होते यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘एत-तेल’ नावाच्या टेकडीवर १९८७ पासून उत्खनन झाले, परंतु ती आजच्या किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत आहे. किनाऱ्यालगतच्या ‘एल-अराज’ येथे गेल्या दशकात रोमन काळातील वस्ती व मोठे बायझंटाइन चर्च मिळाले. २०२२ मध्ये तेथे प्रेषितांच्या प्रमुखाला मध्यस्थीची विनंती करणारा ग्रीक शिलालेख उजेडात आला, आणि पेत्राचा उल्लेख असा करण्याची तेव्हा रीत होती. त्यानंतर पारडे एल-अराजकडे झुकले आहे, तरी निर्णय लागला असे म्हणण्याची घाई नको.

खोराजीनमध्ये काळ्या पाषाणाच्या सभास्थानाचे अवशेष आहेत. तेथे ‘मोशेचे आसन’ म्हणता येईल असे कोरीव दगडी आसन मिळाले. सभास्थान नंतरच्या शतकांतील असले तरी शास्त्री मोशेच्या आसनावर बसतात (मत्त. २३:२) या शब्दांना त्यामुळे आकार मिळतो. कफर्णहूम, बेथसैदा व खोराजीन या तिन्ही गावांना प्रभूने कठोर शब्द ऐकविले होते (मत्त. ११). तिन्ही आज अवशेषरूपात आहेत.

पूर्व काठावर कुर्सी येथे १९७० मध्ये रस्त्याच्या कामात पाचव्या-सहाव्या शतकातील मोठा मठ उघडकीस आला. दुष्टात्मे डुकरांच्या कळपात शिरल्याच्या प्रसंगाचे हे स्मरणस्थळ. बहुतेक गट येथे येत नाहीत, त्यामुळे शांतता मिळते.

तिबिर्या हे काठावरचे मोठे शहर हेरोद अंतिपासने इ.स. २० च्या सुमारास वसविले. प्रभू तेथे गेल्याचे शुभवर्तमान कोठेही सांगत नाही. ज्यू धर्मपरंपरेत मात्र त्याचे स्थान मोठे आहे व मायमोनिडीस या थोर पंडिताची समाधी तेथे दाखवितात. फ्रान्सिस्कनांचे संत पेत्राचे चर्च जुन्या भागात आहे.

दक्षिणेला यार्देन सरोवरातून बाहेर पडते तेथे यार्देनित हे स्नानाचे ठिकाण १९८१ पासून चालू आहे. पांढरे झगे भाड्याने मिळतात, प्रमाणपत्रेही मिळतात. प्रभूचा बाप्तिस्मा येथे झाला नाही. ती जागा पुष्कळ दक्षिणेस, येरिहोच्या पूर्वेला नदीकाठी आहे. कॅथलिकांनी येथे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेण्याचा प्रश्नच येत नाही, तो संस्कार एकदाच होतो. नदीकाठी उभे राहून बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करावे व पुढे निघावे.

जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धानंतर उत्तर इस्राएलमधील यात्रा दीर्घकाळ जवळजवळ थांबल्या होत्या. नाव नोंदविण्यापूर्वी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची सूचना पाहावी. गटाला मिस्सा हवी असेल तर फ्रान्सिस्कनांकडे व बेनेडिक्टाइनांकडे आधी वेळ ठरवून घ्यावी. तबघा येथे पाण्याकाठी उघड्यावरच्या वेद्या आहेत, त्या मागून घ्याव्यात. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, अन्यथा कफर्णहूमच्या दारातून परत पाठवतात. उन्हाळ्यात खोऱ्यातील ऊन आपल्या मे महिन्यासारखे असते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथामुळे सार्वजनिक वाहने व अनेक दुकाने बंद असतात.

आणखी एक. दौऱ्यात होडीची फेरी ठेवलेली असते. इंजिनाच्या गोंगाटात व लाउडस्पीकरच्या गाण्यांत ती आटोपते. नावाड्याला मधोमध इंजिन बंद करण्यास सांगावे. तो बहुधा नाही म्हणत नाही. तेथे मार्क ४:३५ पासून पुढचा उतारा कोणी तरी मोठ्याने वाचावा, आणि पुन्हा इंजिन सुरू होईपर्यंत गटाने गप्प राहावे.